उताऱ्यावर घोडा नसतो

नोटीस आली तेव्हा मामंजी पाखऱ्या घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन खुरातली माती काढत बसले होते. पंचायतीचा शिपाई ओळखीचाच, आमच्या घरच्या लग्नात वाढायला उभा राहिलेला. त्यानं कागद पुढं केला, सही घेतली आणि चहा न घेता गेला. चहा नाकारला म्हणजे कागद बरा नाही, एवढं मामंजींना तेवढ्यावरूनच कळलं.

त्यांना कन्नड बोलता येतं. संकेश्वरच्या व्यापाऱ्याशी मिरचीच्या भावावरून ते कन्नडमध्ये तासभर भांडू शकतात. वाचता मात्र येत नाही. कागद घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात आले.

"काय लिवलंय बघ गं. शिपाई कुदुरे-कुदुरे करत हुता."

माझं माहेर गोकाकच्या बाजूला, शाळा सगळी कन्नड माध्यमात झालेली. लग्न होऊन कर्नाटकातल्याच, पण मराठी बोलणाऱ्या निपाणी-चिक्कोडी पट्ट्यात आले तेव्हा सासरी त्याचा उपयोग वीजबिल आणि रेशनचे कागद वाचण्यापुरता होता. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाचताना थांबावं लागलं, कारण काय वाचते ते मोठ्यानं सांगायला जीभ उचलेना. अमुक सर्व्हे नंबरात निवासी वस्तीला लागून विनापरवाना 'कुदुरे लाय' चालवली जाते, दुर्गंधी आणि माशांमुळे सार्वजनिक उपद्रव होतो, गाव आता स्थानिक नियोजन क्षेत्रात आलं असून सदर जागा आराखड्यात निवासी दाखवली आहे, सबब सात दिवसांत घोडे हलवावेत.

"लाय म्हंजे?" मामंजींनी विचारलं.

"पागा."

ते हसले. "तीन घोड्यांची पागा! शिवाजी म्हाराजांच्या टायमाला सांगायचं हुतं." आणि परत जाऊन पाखऱ्याचा दुसरा पाय उचलला. त्यांना सात दिवस म्हणजे काय ते कळलं नव्हतं असं नाही. पण हातातलं खूर अर्धं सोडून उठायचं नाही, हा त्यांचा नेम आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. पंचायतीतली माणसं रोज भेटतात, पुढंही भेटायची आहेत. आमचे तीन घोडे म्हणजे पाखऱ्या, चंद्री आणि तिची मागच्या वर्षीची शिंगी. आजेसासऱ्यांपासून घरात घोडागाडी. निपाणीच्या वखारीत तंबाखूची बोदं त्यांनीच वाहिली. पुढं टेम्पो आले, गाडीची चाकं परड्यात उभी राहिली, पण घोडे गेले नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की वरातीची आमंत्रणं सुरू होतात ती थेट वैशाखापर्यंत. आमच्या भागात शिवजयंती वैशाखात मिरवणुकीनं करतात, तेव्हा एकाच दिवशी चार गावांतून बोलावणं असतं. जत्रा वेगळ्या. पावसाळ्याचे चार महिने मात्र बसून खाणं. चंदीला हरभऱ्याची चुणी, भिजवलेले हुलगे, गव्हाचा कोंडा; वैरणीला कडबा, आणि ऊसतोड सुरू झाली की वाडं. हिशेब मांडायला बसलं की मामंजी उठून जातात, त्यामुळं मीही मांडत नाही. वर्षाच्या शेवटी हातातोंडाची गाठ पडते आणि घोडे राहतात, इतकंच.

तबेला घराच्या मागं, उसाच्या कडेला. दगडी भिंत, वर पत्रा, खाली मुरूम. पूर्वी त्याच्या पलीकडं नुसतं शेत होतं. ते विकलं गेलं, बिगरशेती झालं, त्याचे प्लॉट पडले, आणि बघता बघता बारा घरं उभी राहिली. चांगली माणसं आहेत. शिक्षक, सोसायटीचे सचिव, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या उकिरड्यापासून साठ-सत्तर फुटांवर. खिडकी नंतर आली आणि उकिरडा आधीचा, हे आम्ही पहिला महिनाभर सगळ्यांना सांगत फिरलो. त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

पहिली चूक मीच केली. नोटिशीत आराखड्याचा उल्लेख होता, म्हणून मी शहरातल्या नियोजन प्राधिकरणाच्या कचेरीत गेले. तिथं म्हणाले, नोटीस आमची नाही, पंचायतीत जा. पंचायतीत पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, म्हणाले, झोन आम्ही ठरवत नाही, तिकडं जा. या फेऱ्यांत चार दिवस गेले. शेवटी चिक्कोडीतल्या एका वकिलांनी कागद वाचून, चष्मा कपाळावर सरकवून सांगितलं, "ताई, ही दोन जनावरं वेगळी आहेत. एकाच दाव्याला बांधू नका."

पंचायतीची नोटीस उपद्रवाची. वास, माश्या, घाण. तिला सात दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, नाहीतर तुम्ही कबूल केलंत असं धरतात. त्यावर वर तालुका पंचायतीत दाद मागता येते. आराखडा हे दुसरं. तो कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली होतो. तात्पुरता आराखडा प्रसिद्ध झाला की साठ दिवसांत कुणालाही लेखी हरकत देता येते आणि तिचा विचार करणं प्राधिकरणावर बंधनकारक असतं. पंचायतीनं काय केलं होतं, तर अजून कायम न झालेल्या आराखड्यातला पिवळा, म्हणजे निवासी, रंग उचलून उपद्रवाच्या नोटिशीला लावला होता. वकील म्हणाले, "हा त्यांचा कच्चा दुवा. पण माश्या खऱ्या असतील तर तुमचाही कच्चाच."

माश्या खऱ्या होत्या. जुलै महिना होता, आठ दिवसांची झड लागलेली. एक घोडं दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतं. तिघांची महिन्याची रास काय होते ते तुम्हीच बघा. उन्हाळ्यात ती वाळून जाते, वाराही पलीकडं वाहतो. पावसात लीद भिजते आणि आत अळ्या होतात. माशीचं अंड्यापासून माशी होईपर्यंतचं चक्र उबदार हवेत आठ-दहा दिवसांत पुरं होतं, आणि आमची लीद शेतात जायची महिन्यातून एकदा, ट्रॅक्टर मिळेल तेव्हा. म्हणजे दर खेपेला तीन पिढ्या उडून जायच्या, त्याही थेट त्या खिडकीत. हे मी मामंजींना सांगितलं तेव्हा ते चिडले. "शेणाला नसत्यात व्हय माश्या? म्हशी ठेवलेल्यास्नी नोटीस का न्हाई?"

प्रश्न बरोबर होता. पुढं तोच कामाला आला. पण त्या आठवड्यात मी आणि नवऱ्यानं मिळून उकिरडा हलवला. खड्डा उसाच्या पलीकडच्या बांधाला घेतला, वर जुन्या पत्र्याचं झाकण, आणि दर दोन दिवसांनी लीद हातगाड्यावर तिकडं. तबेल्यातल्या मुरमावर चुना मारला. नवरा कागलच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जातो; सकाळी सहाला हातगाडा ओढून तो साडेअकरापर्यंत झोपायचा. त्याच्या अंगाला लिदीचा वास येतो म्हणून बसमधले लोक सरकून बसतात, असं तो एकदा हसत म्हणाला आणि मग दोन दिवस हसला नाही.

उत्तर लिहायला बसले तेव्हा खरी पंचाईत कळली. वकिलांनी विचारलं, "घोडे तुमचे आहेत, इथं आहेत, किती वर्षं आहेत, याला कागद काय?"

पहाणीचा, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्याचा, उतारा काढला. मालकाचं नाव, क्षेत्र, पीक: ऊस. विहीर आहे, बोअर आहे. घोडा नाही. जनावरांसाठी त्यात रकानाच नाही. घराच्या ई-स्वत्तूच्या, म्हणजे पंचायतीच्या मिळकत नोंदीच्या, नमुन्यावर घर आहे, परडं आहे, तबेला नाही. रेशन कार्डावर आम्ही सहाजण. गावात कुणालाही विचारलं तर आमच्या घराची खूण 'घोडेवाल्यांचं घर' अशी सांगतात. कागदावर मात्र ऊस पिकवणारं एक साधं कुटुंब, ज्यांच्या मागच्या अंगणात कुठूनतरी तीन घोडे येऊन उभे राहिले आहेत.

मामंजी म्हणाले, "आता कागदी घोडं नाचवा म्हंजे खरं घोडं वाचतंय."

मग मी कागद गोळा करत सुटले. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चंद्रीला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलेलं होतं, पण त्या वहीत नाव नवऱ्याचं आणि जनावर 'इतर'. डॉक्टरीणबाईंनी डोकं खाजवलं, मग स्वतः येऊन तिन्ही घोडी बघितली. रंग, उंची, खुणा, कपाळावरचा चट्टा, भोवरे, सगळं लिहून दाखला दिला. वर म्हणाल्या, ग्लँडर्सची तपासणी करून घ्या. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो, २००९ च्या जनावरांच्या साथरोग कायद्याखाली तो कळवावाच लागतो, आणि निघाला तर जनावर मारावं लागतं. "वस्तीतल्या लोकांनी उद्या तेच काढलं तर आधीच हातात असलेलं बरं." रक्ताचे नमुने गेले. अहवाल यायला दिवस लागले, आणि ते दिवस मामंजींनी कसे काढले ते मी जवळून पाहिलं. रात्री दोनदा उठून तबेल्यात जायचे, घोड्याच्या नाकाशी हात नेऊन श्वास बघायचे, कुठं गाठ लागते का चाचपायचे. तिघांचा अहवाल निर्दोष आला. तो कागद त्यांनी माझ्या फायलीत ठेवू दिला नाही, देव्हाऱ्यातल्या खणात ठेवला. हवा तेव्हा मागून घ्यावा लागायचा.

निपाणीच्या नालबंदाकडं वही होती. वही म्हणजे शाळेची, दोनशे पानी, तेलकट. त्यात तारखा, आणि नावाऐवजी घोड्याचीच नावं: 'पाखऱ्या ४ नाल', 'चंद्री पुढचे २'. नऊ वर्षांचा हिशेब. त्यानं फोटो काढू दिले आणि म्हणाला, "माझी सही चालती काय? मला कोण वळखतंय?" चालली.

पण सगळ्यात जड कागद निघाला आत्तींच्या ट्रंकेत. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्या या सगळ्या धावपळीत एक शब्द बोलल्या नव्हत्या. एके दुपारी ट्रंक उघडून बसल्या. डांबरगोळ्यांचा वास खोलीभर. लग्नातल्या शालूच्या घडीत कापडाची पिशवी, पिशवीत पावत्या, सगळ्या मधोमध तारेत ओवून भोक पडलेल्या. त्यात पंचायतीची एक पिवळी पडलेली पावती, १९७८ सालची: घोडागाडी पट्टी, आजेसासऱ्यांचं नाव, रुपये आणि पैसे, आणि जांभळ्या शिक्क्याची अर्धी कड. ज्या पंचायतीनं आम्हाला 'विनापरवाना' म्हटलं होतं, तिनंच आमच्याकडून घोड्याच्या गाडीचे पैसे घेतले होते. मी विचारलं, "आत्ती, एवढे दिवस का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "तुमी सातबारा, उतारा म्हणत हुतासा. पावती कोण इचारलं?"

उत्तर सातव्या दिवशी दुपारी तीनला दिलं. टेबलावरचा माणूस म्हणाला ठेवून जा. मी पोच मागितली. म्हणाला, साहेब नाहीत. मी म्हटलं, साहेबांची सही नको, आवक क्रमांक द्या. तो देईपर्यंत उभी राहिले. ही पोच मागायची सवय मला त्या वर्षानं लावली. आता दळण टाकलं तरी गिरणीवाल्याकडं चिठ्ठी मागते, असं घरात चिडवतात.

पाच-सहा दिवसांनी शहरात आराखडा बघायला गेले तेव्हा साठातले एकोणीस दिवस उरले होते. नकाशा भिंतीवर लावलेला, माणसाच्या उंचीचा. आमचं गाव अंगठ्याएवढं. हिरवं म्हणजे शेती, पिवळं म्हणजे निवासी, तांबूस पट्टा रस्त्याचा. सर्व्हे नंबरांचे आकडे मुंगीसारखे. तिथला एक आरेखक मुलगा सौजन्यानं वागला. संगणकावर तोच नकाशा मोठा करत नेला. घर पिवळ्यात. ऊस हिरव्यात. आणि हद्दीची रेघ बरोबर आमच्या तबेल्यावरून तिरकी गेलेली. तो मुलगा स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "मॅडम, गव्हाण हिरव्यात आहे. लीद पिवळ्यात पडते."

मी त्याला विचारलं, ही रेघ कुणी आखली? तो म्हणाला, उपग्रहाच्या फोटोवरून. पत्रा दिसला, म्हणजे घर धरलं असणार.

हरकतीचा अर्ज मी मराठीत लिहिला. मामंजींच्या सहीचा अर्ज मामंजींना वाचता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं होतं. खिडकीवर उत्तर आलं, "कन्नडदल्लि कोडि." वकिलांनी आधीच सांगून ठेवलं होतं की राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार तक्रारीचं निवेदन संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत देता येतं. मी ते कन्नडमध्येच त्यांना सांगितलं. समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते रागापेक्षा गोंधळाचं होतं: एवढं सरळ कन्नड बोलणारी बाई मराठी अर्जाचा हट्ट का धरते? शेवटी मराठी अर्ज मूळ आणि त्याला मीच केलेली कन्नड प्रत जोडून दिली. आमच्याकडच्या काही मंडळींना हे पटलं नाही. प्रत का जोडलीस, हक्क होता ना, असं एकानं तोंडावर विचारलं. हक्क होता. पण एकोणीस दिवसांपैकी भाषेच्या वादात किती घालवायचे हे मला ठरवायचं होतं, आणि दावणीला जनावर माझ्या बांधलेलं होतं. बोलणाऱ्याच्या दारात सायकलसुद्धा उभी नव्हती.

अर्जात काय लिहायचं यावर वकिलांशी बराच खल झाला. नवऱ्याच्या कागलच्या मित्रानं महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातलं पान पाठवलं. त्यात 'शेती' या शब्दाच्या व्याख्येत पशुपैदास येते, आणि जनावरांत गुरांबरोबर घोड्यांचं नाव चक्क छापलेलं आहे. मी हरखले. वकील म्हणाले, "छान आहे. आता घोडे घेऊन कागलला राहायला जा." आमच्या घरापासून हद्द बसनं अर्ध्या तासावर, तिकडं घोडा शेतीत मोजतात, आणि ते पान इकडं रद्दीच्या भावाचं. मग त्यांनी आपल्याकडच्या १९६१ च्या कायद्यावरून तोच मुद्दा बांधला: पशुपालन हे शेतीचंच अंग, तबेला उसाच्या जमिनीला लागून, लीद त्याच शेतात खत म्हणून जाते, वाडं त्याच शेतातून येतं. मागणी एकच ठेवली. रेघ तबेल्याच्या भिंतीपर्यंत सरकवा. दोन गुंठ्यांचा प्रश्न आहे.

"आन म्हशीवाल्यांचं काय?" मामंजींनी पुन्हा तेच विचारलं, आणि तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. त्या पिवळ्या पट्ट्यात गावातले तीस-पस्तीस गोठे येत होते. कुणाला पत्ताच नव्हता. मी आणि जाऊ संध्याकाळी डेअरीत दूध घालायला येणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभ्या राहिलो. मोबाइलवरचा नकाशा दाखवला. "हे तुमचं. हे पिवळं. आज घोडं, उद्या म्हस." दोन संध्याकाळींत साठावर सह्या आणि अंगठे झाले. मामंजींना हे फारसं आवडलं नाही. घोडं वाचवायला म्हशीचा आधार घ्यावा लागतो, याचा त्यांना कमीपणा वाटला. सही केली त्यांनी, पण यादीत सगळ्यात शेवटी.

ग्रामसभा ऑगस्टमध्ये झाली, देवळाच्या सभामंडपात. बँकेचे निवृत्त गृहस्थ आधी बोलले आणि नेमकं बोलले. त्यांच्या नातवाला माश्यांमुळं जेवताना ताट झाकावं लागतं, पहाटे चारला घोडी खिंकाळते, आणि कर्ज काढून घर घेतलं ते याच्यासाठी नाही. मी मान खाली घालून ऐकलं, कारण खोटं त्यात काही नव्हतं. मग त्यांनी एक वाक्य जास्त बोललं. "गाय-म्हैस समजू शकतो, ती पोटासाठी असते. घोडा हा हौसेचा."

मंडपात कुजबुज झाली. मामंजी उठतील असं मला वाटलं, पण ते जमिनीकडं बघत बसून राहिले. उठले शेजारच्या आळीतले वारकरी आजोबा, गळ्यात तुळशीची माळ. "साहेब, आपल्याच चिक्कोडी तालुक्यात अंकली हाय. तितनं शितोळे सरकारांचं अश्व दर वर्सी चालत आळंदीला जात्यात. माउलीच्या रिंगणात त्योच घोडा पळतोय, ज्याच्या टापंखालची माती आमी कपाळाला लावतो. हैबतबाबांनी पालखी सुरू केली तवापास्नंचा मान हाय त्यो. त्यालाबी हौस म्हनायचं का?"

हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ मध्ये तो सोहळा उभा केला तेव्हा अंकलीच्या शितोळ्यांनी घोडे आणि तंबू पुरवले, हे आमच्या भागात पोराटोरांनाही ठाऊक असतं. तेव्हापासून माउलींचा अश्व अंकलीचाच. पण खरं सांगायचं तर ग्रामसभेत माउलींच्या घोड्यावर टाळ्या पडल्या, ठराव पास झाला तो म्हशींवर. डेअरीतल्या बायका एकामागून एक उठल्या आणि पंचायतीच्या अध्यक्षांना एकच विचारू लागल्या, आमची नोटीस कधी येणार? अध्यक्षांच्या घरीही चार म्हशी आहेत.

नोटीस मागं घेतली असं पंचायतीनं कधी लिहून दिलं नाही. 'अटींवर कारवाई स्थगित' असा कागद सप्टेंबरात आला. लीद दोन दिवसांच्या वर ठेवायची नाही, खड्डा झाकलेला हवा, घोडी रस्त्याकडेला बांधायची नाहीत, वस्तीच्या बाजूला झाडांची आडवण करायची. आम्ही कडुनिंब आणि शेवगा लावला. खिंकाळण्यावर काही अट नव्हती. बँकेच्या गृहस्थांना मी स्वतः जाऊन सांगितलं की चंद्री पहाटे खिंकाळते ती चंदीची वेळ झाली म्हणून. आता मामंजी साडेतीनलाच तोबरा चढवतात. ते म्हणाले, बघू. अजून फार बोलत नाहीत. पावसाळा संपताना त्यांच्या सूनबाई मात्र गुलाबाच्या कुंड्यांना लीद मागायला आल्या. दोन घमेली नेली.

आराखड्याची सुनावणी नोव्हेंबरातली डिसेंबरात गेली. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन, त्यात त्या वर्षी १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी. सगळे साहेब तिकडं. जानेवारीत बोलावलं. नवऱ्यानं पगार बुडवून रजा टाकली, मामंजींनी फेटा बांधला, आम्ही सकाळी दहाला जाऊन बसलो. दुपारी सव्वातीनला नाव पुकारलं. आत चार मिनिटं. अधिकाऱ्यांनी नकाशा बघितला, १९७८ ची पावती उजेडात धरून बघितली, दाखला चाळला. कन्नडमध्ये विचारलं, "किती घोडे?" मामंजींनी कन्नडमध्येच सांगितलं, "मूरु." त्यांनी काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, नोंद घेतली. आरेखक मुलगा दाराशी भेटला, त्यानं डोळ्यानं खुणावलं की ठीक आहे. आराखडा कायम होऊन आलेला नाही. रेघ सरकली की नाही, तो येईल तेव्हाच कळेल.

त्यानंतर पंधरवड्यानं पशुगणनेचा माणूस आला. एकविसावी पशुगणना ऑक्टोबर २०२४ पासून सुरू होती, मोबाइलवर भरायची. आधीच्या, २०१९ च्या गणनेत देशभरात घोडे-तट्टं मिळून ३.४ लाख भरली होती, तीही सात वर्षांत ४५ टक्क्यांनी घटून, हे मला वर्षभराच्या खटाटोपात पाठ झालं होतं. त्या गणनेच्या वेळी आमच्याकडं कुणी येऊन गेलं का, घरात कुणालाच आठवत नव्हतं.

माणूस घाईत होता. ओट्यावर बसल्या बसल्या म्हणाला, "गाई? म्हशी? शेळ्या? कोंबड्या?" आणि आमच्या 'नाही'वर बोट पुढं सरकवत गेला. मामंजींनी त्याचं मनगट धरलं. जोरात नाही, घोड्याचा कान धरतात तसं. "पुढं बघ. घोडं असंल त्यात."

होतं. तो म्हणाला, "नर किती, मादी किती, वय?" मामंजी त्याला उठवून तबेल्यात घेऊन गेले. शिंगीचे दात दाखवले. जातीच्या रकान्यापाशी तो अडला. मामंजी म्हणाले, आमच्या वाडवडलांची भीमथडी. तो पाखऱ्याकडं बघत राहिला, मग म्हणाला, "आजोबा, तसा दाखला पाहिजे. मी जात नसलेली असं टाकतो." यावर दहा मिनिटं वाद झाला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मध्ये पडले नाही. शेवटी काय टाकलं ते मला ठाऊक नाही, पण चहा घेऊनच तो उठला.

फाटकापर्यंत गेल्यावर मामंजींनी त्याला हाक मारली.

"पोच?"

त्याला कळेना. "कसली पोच, आजोबा? हे सगळं ऑनलाइन असतंय."

"मग त्या फोनावर काय दिसतंय ते दाव. सून फोटू काढंल."

मी ओल्या हातानंच फोन घेऊन गेले.